ड्रायव्हरचा जादा तास कोणाचा?

रमजानचे शेवटचे दहा दिवस आले की कापड, पादत्राणे, सुकामेवा आणि तयार कपड्यांच्या धंद्यातील आपल्या बांधवांना श्वास घ्यायलाही फुरसत नसते. माल रात्री दहाला जातो, तसा सहरीच्या आधीही जातो. दुकानात मालक असतो, नोकर असतात, मदतीला घरची मुले येतात. पण ज्याच्या गाडीतून माल जायचा तो टेम्पो चालवणारा एकटाच असतो. त्याने रोजा कुठल्या सिग्नलवर सोडला हे कोणी विचारत नाही. ‘एवढी एक फेरी मारून ये, मग घरी जा’ हे वाक्य त्याने दिवसातून तीनदा ऐकलेले असते. ईदच्या आदल्या रात्री मालक त्याच्या हातावर हजार रुपये ठेवतो, तो सलाम करून ते घेतो, आणि हिशेब मिटला असे दोघेही समजतात.

हा हिशेब खरोखर मिटला काय, हा आजच्या लेखाचा विषय आहे. आम्ही हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी लिहीत आहोत. ज्यांच्याकडे एक-दोन गाड्या आणि दोन-चार माणसे आहेत असे व्यापारी हे पहिले. ज्यांची मुले अथवा भाऊ आज मोटारसायकलवरून किंवा छोट्या गाडीतून घरोघरी पार्सले पोहोचवतात असे कारागीर हे दुसरे. बऱ्याच घरांत हे दोन्ही प्रकार एकाच छताखाली नांदतात, हेही आम्ही जाणतो.

माल पोहोचवणाऱ्याचे तीन प्रश्न असतात. जादा वेळ थांबायचे की नाही हे कोण ठरवणार? पगार कधी आणि किती वाढणार? आणि हे दोन प्रश्न एकट्याने विचारायचे की सर्वांनी मिळून? आपल्याकडे हे प्रश्न बहुधा तोंडी असतात, म्हणून त्यांचा अभ्यास करणे अवघड जाते. अमेरिकेतील एका मोठ्या पार्सल कंपनीत मात्र तिन्ही प्रश्न लेखी करारात उतरले आहेत, त्यावर संप झाले आहेत, मतदान झाले आहे. तेथील अनुभव पाहिला तर आपल्या दुकानापुढे उभा असलेला टेम्पो अधिक स्पष्ट दिसू लागतो.

तपकिरी गाड्यांची कंपनी

युनायटेड पार्सल सर्व्हिस, म्हणजे यूपीएस, ही कंपनी १९०७ साली सिएटल शहरात निरोप पोहोचवण्याच्या धंद्यातून सुरू झाली. जिम केसी या तरुणाने उसन्या शंभर डॉलरवर तो धंदा उभा केला. आज तिच्या तपकिरी गाड्या आणि तपकिरी गणवेशातले ड्रायव्हर अमेरिकेतील प्रत्येक गल्लीत ओळखीचे आहेत. हे ड्रायव्हर आणि गोदामात पार्सले निवडणारे कामगार ‘टीमस्टर्स’ या कामगार संघटनेचे सभासद आहेत. १९०३ साली स्थापन झालेल्या या संघटनेच्या नावाचा अर्थ घोड्यांची जोडी हाकणारा, असा आहे. म्हणजे ही मुळात आपल्या टांगेवाल्या-गाडीवानांचीच संघटना.

या संघटनेचा इतिहास सोवळा नाही. तिच्यात गुन्हेगारी टोळ्यांचा शिरकाव झाला होता, आणि त्यामुळे १९८९ पासून अनेक वर्षे तिचा कारभार सरकारी आणि न्यायालयीन देखरेखीखाली चालला. युनियन म्हटले की आपला व्यापारी दचकतो, त्याला थोडेफार कारण आहे, एवढे मान्य करून पुढे जाऊ.

१९९७ च्या ऑगस्टमध्ये यूपीएसच्या सुमारे १ लाख ८५ हजार कामगारांनी पंधरा दिवस संप केला. गोदामात अर्धवेळ कामगार ठेवून कंपनी पूर्ण वेळेचे काम करून घेते, ही त्यांची मुख्य तक्रार होती. संप मिटला तेव्हा दहा हजार नव्या पूर्णवेळ जागा निर्माण करण्याचे कंपनीने मान्य केले. हा संप लोक विसरले नाहीत. छवीस वर्षांनी, २०२३ मध्ये, त्याच कंपनीत पुन्हा संपाची वेळ आली तेव्हा दोन्ही बाजूंना त्याची आठवण होती.

गाडीत भरलेला जादा तास

जादा कामाच्या बाबतीत अमेरिकन कायद्याची एक गोष्ट आपल्या वाचकांना नवी वाटेल. १९३८ च्या त्यांच्या कायद्याप्रमाणे आठवड्यात चाळीस तासांहून अधिक काम झाले की दीडपट मजुरी द्यावी लागते. परंतु प्रौढ कामगाराकडून किती तास काम घ्यावे याला त्या कायद्यात वरची हद्द नाही. कायद्याने जादा तासाला किंमत लावली, पण तो नाकारण्याचा हक्क दिला नाही. मालवाहू गाड्यांच्या ड्रायव्हरांसाठी सुरक्षिततेचे वेगळे नियम आहेत. अकरा तासांहून अधिक गाडी चालवायची नाही, कामावर चढल्यापासून चौदा तास उलटले की पुन्हा स्टिअरिंग धरायचे नाही, आणि सात दिवसांत साठ किंवा आठ दिवसांत सत्तर तासांच्या पुढे जायचे नाही. ही मर्यादा झोपेचा विचार करते, संसाराचा नाही. आठवड्याला साठ तास कायदेशीर ठरले तरी त्या माणसाची मुले त्याला झोपलेलीच दिसतात.

आणखी एक बाब. यूपीएसच्या ड्रायव्हरला संध्याकाळी कोणी ‘थांब’ म्हणून सांगत नाही. सकाळी तो कामावर येतो तेव्हा गाडी भरून तयार असते. किती पार्सले आणि किती थांबे हे कंपनीने ठरवलेले असते, आणि ती पार्सले संपल्याशिवाय परत फिरता येत नाही. म्हणजे जादा तास तोंडाने सांगितला जात नाही, तो सकाळीच गाडीत भरलेला असतो. आपल्याकडेही हेच घडते. तीस दुकानांची यादी हातात द्यायची, वाटेत दोन ठिकाणची वसुली सांगायची, आणि मग ‘मी कुठे त्याला उशिरापर्यंत थांबवले?’ असे म्हणायचे. यादी करणाऱ्यानेच तास ठरवलेले असतात.

यावर संघटनेने जो उपाय काढला तो विचार करण्याजोगा आहे. करारात ‘साडेनऊ’चे कलम आहे. दिवसाला साडेनऊ तासांहून अधिक काम नको असे ज्या ड्रायव्हरला वाटते तो आपले नाव एका यादीत लिहितो. मग आठवड्यातील तीन दिवस त्याच्याकडून साडेनऊ तासांच्या वर काम घेतले गेले तर तो तक्रार करू शकतो आणि कंपनीला नेहमीच्या जादा दराहून मोठी दंडमजुरी मोजावी लागते. नाताळच्या आधीच्या गर्दीच्या हंगामात मात्र हे कलम स्थगित असते. म्हणजे हंगाम हंगाम असतो ही व्यापाऱ्याची अडचण संघटनेनेही मान्य केली. पण हंगाम कोणता आणि किती दिवसांचा, हे आधी ठरवून.

नाव लिहिणे ऐच्छिक आहे, यात या कलमाचे शहाणपण आहे. नुकतेच घर घेतलेला तरुण ड्रायव्हर जादा तासांसाठी धडपडतो. तेच त्याचे कर्ज फेडतात. पंचावन्न वर्षांचा, गुडघे दुखणारा ड्रायव्हर घरी जाऊ पाहतो. दोघांना एकच नियम लावला तर एकावर अन्याय होतो. म्हणून निवड माणसावर सोपवली.

हे वाचताना आम्हाला पवित्र कुरआनातील सूरह अल-कसस आठवली. मिसरमधून निघालेले हजरत मूसा (अलै.) मदयनला पोहोचतात, तेथे एका वृद्ध सत्पुरुषाकडे नोकरीची बोलणी होतात. (अनेक भाष्यकार हे हजरत शुऐब (अलै.) असल्याचे सांगतात, कुरआनात नाव आलेले नाही.) ठरलेली मुदत आठ वर्षांची. दहा पुरी केलीत तर ती तुमची खुशी, मला तुमच्यावर कष्ट लादायचे नाहीत, अशा आशयाचे मालकाचे बोलणे आहे. आणि मूसा (अलै.) स्पष्ट करून घेतात की दोहोंपैकी कोणतीही मुदत मी पुरी केली तरी माझ्यावर ज्यादती होता कामा नये, आणि या बोलण्यावर अल्लाह साक्षी आहे. एका पैगंबराच्या नोकरीचा करार आपल्यापुढे असा ठेवला गेला आहे. ठरलेले किती आणि जादा किती हे त्यात वेगळे आहे, आणि जादाची किल्ली काम करणाऱ्याच्या हातात आहे. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्या कथनानुसार मूसा (अलै.) यांनी मोठी मुदत पुरी केली. ज्या मालकाने जबरदस्ती केली नाही त्याला दोन वर्षे अधिक मिळाली.

आपल्या देशातील कायदाही आता याच दिशेला आला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याच्या संहितेत १९६१ चा जुना मोटार परिवहन कामगार कायदा सामावला गेला. या संहितेनुसार जादा कामाला दुप्पट दराने मजुरी द्यायची आहे, आणि जादा काम कामगाराच्या संमतीनेच घ्यायचे आहे. ही संहिता साधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे. आपली बहुतेक दुकाने त्या संख्येच्या खाली राहतील. परंतु दहाव्या माणसाबरोबर न्याय सुरू होतो आणि नवव्यापर्यंत तो लागू नसतो, असे कोणी म्हणू शकणार नाही.

शिडी आणि तिच्या पायऱ्या

दुसरा प्रश्न पगारवाढीचा. यूपीएसमध्ये पूर्णवेळ ड्रायव्हर पहिल्या दिवशी सर्वांत वरच्या दराने सुरू होत नाही. त्याला पायऱ्या चढाव्या लागतात. २०१३ च्या करारात ही चढण तीन वर्षांवरून चार वर्षांची झाली. २०२३ च्या करारात नव्या ड्रायव्हरची सुरुवात तासाला २३ डॉलर आहे, आणि कराराच्या शेवटी वरच्या पायरीवरील ड्रायव्हरचा सरासरी दर ४९ डॉलर होईल असे संघटनेने जाहीर केले. म्हणजे खालच्या आणि वरच्या पायरीत दुपटीहून अधिक अंतर. शिवाय पहिल्या पायऱ्या ठेंगण्या आणि शेवटची उंच. त्याच गल्ल्या, तेच ओझे, तरी नवा माणूस चार वर्षे जुन्याच्या मानाने फार कमी घेतो. नव्या ड्रायव्हरांची यावर कुरकुर असते, आणि ती रास्त आहे.

पण या शिडीत एक चांगली गोष्ट आहे. ती भिंतीवर लिहिलेली आहे. आज रुजू झालेल्याला ठाऊक असते की अमुक तारखेला माझा दर अमुक होणार. त्यासाठी साहेबाची मर्जी राखावी लागत नाही, लग्नाचे किंवा आजारपणाचे कारण सांगावे लागत नाही.

आपल्याकडे शिडीच नाही. सहा वर्षे गाडी चालवणारा माणूस एक दिवस दुसऱ्या दुकानात दोन हजार जास्त मिळतात म्हणून सांगतो. मग मालक रागावतो, मग दीड हजार वाढवतो. माणसाच्या हाती पैसा येतो, पण धमकी दिल्यावर. जो धमकी देत नाही, भिडस्त असतो, नमाजी असतो, मालकाच्या वडिलांच्या वेळचा असतो, तो मागे राहतो. कधीकधी तर नवा ठेवलेला पोरगा बाजारभावाने जुन्याहून अधिक घेतो. यात मालकाचेही नुकसान आहे. जुना ड्रायव्हर म्हणजे केवळ गाडी चालवणारा नव्हे. कोणता गिऱ्हाईक दुपारी दुकान बंद ठेवतो, कोणाचा चेक दोनदा परत आला, कोणत्या गल्लीत पावसाळ्यात गाडी रुतते, हे सर्व त्याच्या डोक्यात असते. तो गेला की ही चोपडी त्याच्याबरोबर जाते.

शिडीची दुसरी बाजूही यूपीएसने दाखवून दिली. २०१८ च्या करारात कंपनीने ड्रायव्हरांचा एक नवा वर्ग निर्माण केला. कलमाच्या क्रमांकावरून त्यांना ‘२२.४’चे ड्रायव्हर म्हणत. काम जवळपास तेच, पण वरची पायरी कमी दराची, आठवड्याची मांडणी शनिवार-रविवार सामावून घेणारी, आणि साडेनऊच्या कलमाचे संरक्षण नाही. एकाच गोदामातून शेजारी-शेजारी दोन गाड्या निघत, दोघांच्या अंगावर तोच तपकिरी सदरा, आणि मजुरी वेगळी. दोघांची मने कशी राहत असतील याचा अंदाज कोणत्याही दुकानदाराला करता येईल.

संघटना कोणाची?

२०१८ च्या कराराची कथा इथेच संपत नाही. तो करार सभासदांपुढे मतदानाला ठेवला गेला तेव्हा मत देणाऱ्यांपैकी सुमारे ५४ टक्क्यांनी तो फेटाळला. तरीही पुढाऱ्यांनी तो मंजूर झाल्याचे जाहीर केले! निम्म्याहून कमी सभासदांनी मतदान केले असेल तर नकाराला दोन-तृतीयांश मते लागतील, असा संघटनेच्या घटनेत जुना नियम होता, त्याचा आधार घेतला गेला. सभासद संतापले. २०२१ च्या अधिवेशनात तो नियम काढून टाकला गेला, त्याच वर्षी निवडणुकीत शॉन ओब्रायन अध्यक्ष म्हणून निवडून आले आणि २०२२ मध्ये त्यांनी सूत्रे घेतली.

२०२३ मध्ये जुना करार संपत आला. साधारण ३ लाख ४० हजार कामगारांचा प्रश्न होता. संपाचा अधिकार देण्याच्या बाजूने ९७ टक्के मते पडली. गोदामांच्या दारात कामगारांनी संपाची रंगीत तालीम केली. जुलैच्या सुरुवातीला बोलणी मोडली, २५ जुलैला समझोता झाला, आणि २२ ऑगस्टला ८६.३ टक्के मतांनी तो मंजूर झाला. एक दिवसाचाही संप झाला नाही. ‘२२.४’चा वर्ग रद्द होऊन ते ड्रायव्हर नियमित ड्रायव्हरांत मिसळले. ठरलेल्या सुटीच्या दिवशी ड्रायव्हरला सक्तीने कामावर बोलावता येणार नाही असे ठरले. सर्वांना त्या वर्षी तासाला २.७५ डॉलर आणि पाच वर्षांत मिळून ७.५० डॉलर वाढ मिळाली. अर्धवेळ कामगारांना किमान २१ डॉलर मिळू लागले. उन्हाळ्यात भट्टीसारख्या तापणाऱ्या गाड्यांत पंखे बसवायचे आणि १ जानेवारी २०२४ नंतर घेतलेल्या नव्या गाड्यांत वातानुकूलन असावे, हेही आले. हा करार ३१ जुलै २०२८ पर्यंत आहे.

आमचे व्यापारी वाचक इथे हात वर करतील, आणि करावाच. एवढी मजुरी दिल्यावर पुढे काय झाले? २०२५ च्या एप्रिलमध्ये यूपीएसने वीस हजार जागा कमी करण्याचे आणि ७३ इमारती बंद करण्याचे जाहीर केले. वर्षअखेरीपर्यंत कमी केलेल्या जागांचा आकडा ४८ हजारांवर गेला. कंपनीने दिलेले मोठे कारण असे की अॅमेझॉन या बड्या गिऱ्हाइकाचा माल निम्म्याहून कमी करायचा आहे, कारण त्यात नफा उरत नाही. वाढीव मजुरीचा यात काहीच भाग नाही असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. सगळा दोष मजुरीवर ढकलणेही चुकीचे. एकाच गिऱ्हाइकावर धंदा टेकवल्याचा तो परिणाम होता, हे भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागवाल्यांना आम्ही वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

संघटनेबद्दल आमचे मत आम्ही सरळ सांगतो. आपण व्यापारी संघ काढतो. जकात, कर, पार्किंग, बाजार समिती यांविरुद्ध बंद पाळतो, शिष्टमंडळ घेऊन मंत्र्याकडे जातो. हे सारे आपल्याला योग्य वाटते. मग चार टेम्पोवाल्यांनी एकत्र बसून भाव ठरवला की तो दगाफटका कसा होतो? मक्केत एका परदेशी व्यापाऱ्याचा माल घेऊन पैसे बुडवले गेले तेव्हा काही घराण्यांनी एकत्र येऊन पीडिताच्या बाजूने उभे राहण्याचा करार केला. त्या ‘हिल्फुल-फुजूल’मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) तरुणपणी सहभागी होते, आणि प्रेषित्वानंतरही त्यांनी त्या कराराचा गौरवाने उल्लेख केला. एकट्याला न मिळणारा हक्क मिळून मागणे ही पद्धत व्यापाऱ्याच्या हितासाठीच तेथे वापरली गेली होती.

महाराष्ट्रात तर याचे घरचे उदाहरण आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली माथाडी कामगार संघटित झाले आणि १९६९ चा माथाडी कायदा आला. पाठीवर गोणी वाहणारा, आज या पेढीचा तर उद्या त्या पेढीचा हमाल मंडळात नोंदला गेला. मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, भविष्य निर्वाह निधी आणि रजा आली. मुंबईच्या मसजिद बंदरपासून वाशीच्या बाजारापर्यंत व्यापाऱ्यांची त्यावर कुरबूर असते, आम्ही ती ऐकलेली आहे. पण ज्याचा कोणी एक मालक नाही अशा मजुरालाही हिशेबात आणता येते, हे त्या कायद्याने दाखवले.

नोकर की ठेकेदार?

हा मुद्दा आज सर्वांत नाजूक झाला आहे. अॅमेझॉनने २०१८ पासून अमेरिकेत एक पद्धत सुरू केली. गाडीवर अॅमेझॉनचे नाव, अंगावर अॅमेझॉनचे जाकीट, मार्ग अॅमेझॉन आखणार. पण ड्रायव्हर नोकर एका छोट्या ठेकेदाराचा. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील पामडेल येथे अशा ८४ ड्रायव्हरांनी टीमस्टर्सचे सभासदत्व घेतले, त्यांच्या ठेकेदाराने संघटनेला मान्यता दिली. अॅमेझॉनने त्या ठेकेदाराशी असलेला करार संपवला, आणि ते आमचे नोकर नव्हतेच असे म्हटले. आपल्याकडे जेवण आणि किराणा पोहोचवणाऱ्या मुलांना तर ‘पार्टनर’ म्हणतात. नफ्यात वाटा नाही, भाव ठरवण्यात आवाज नाही, तरी पार्टनर! मुशारिकतचा साधा मसला माहीत असलेला कोणीही या शब्दावर हसेल.

आपल्या फिकहमध्ये मजुराचे दोन प्रकार सांगितले आहेत. ‘अजीर खास’ म्हणजे जो आपला वेळ एका मालकाला विकतो. त्या वेळेत तो हजर असला की मजुरीस पात्र होतो, मालकाने काम दिले नाही तरी. ‘अजीर मुश्तरक’ म्हणजे जो काम विकतो, जसा शिंपी किंवा धोबी. काम झाले की मजुरी, आणि तो अनेकांचे काम घेऊ शकतो. भाड्याचा टेम्पो आणणारा बहुधा दुसऱ्या प्रकारात येतो, महिन्याच्या पगारावरचा ड्रायव्हर पहिल्या. आमच्या मते आजच्या मोठ्या कंपन्यांची युक्ती अशी आहे की माणसाकडून वेळ घ्यायचा पहिल्या प्रकारचा आणि मजुरी द्यायची दुसऱ्या प्रकारची. तो रस्त्याच्या कडेला मोबाइल हातात धरून दोन तास ऑर्डरची वाट पाहतो, ते दोन तास कोणाच्याच वहीत नसतात.

सरकारला हे थोडे उमगले आहे. सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांची प्रथमच व्याख्या झाली, आणि कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्यासाठीच्या निधीत द्यावी अशी तरतूद झाली. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये स्वतंत्र कायदे केले. ज्या वाचकांची मुले या कामात आहेत त्यांनी आधार क्रमांकाने ई-श्रम पोर्टलवर त्यांची नोंदणी करून घ्यावी. ती मोफत आहे.

ईदीचा हिशेब

आता सुरुवातीच्या हजार रुपयांकडे वळू. समजा, ड्रायव्हरचा पगार महिना १८ हजार आहे, महिन्याचे २६ दिवस, रोजचे आठ तास. म्हणजे २०८ तास, आणि तासाला साधारण ८६ रुपये ५० पैसे. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत तो रोज तीन तास जास्त थांबला. तीस तास झाले. साध्या दराने त्याचे २,५९५ रुपये होतात, दुप्पट दराने ५,१९०. हाती मिळाले हजार.

यात मालक लबाड असतो असे आमचे म्हणणे नाही. बहुतेकांनी हा गुणाकारच केलेला नसतो. पण एक फरक लक्षात घ्यावा. ईदी ही भेट आहे आणि मजुरी हे देणे आहे. भेट दिल्याने देणे फिटत नाही. ज्याने माणसाकडून काम पुरे करून घेतले आणि मजुरी दिली नाही, त्याच्याविरुद्ध कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः वादी असेल, या आशयाची हदीस सहीह बुखारीत आहे. जकातीचा हिशेब पैपैचा करणाऱ्या आपल्या व्यापाऱ्याने या तीस तासांचा हिशेब अंदाजाने करावा, हे आम्हाला पटत नाही.

करायचे काय? सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. न दिलेली मजुरी ही उधारीच आहे. तेव्हा एक साधा कागद करावा, दोन प्रती. रोजचे तास किती आणि आठवड्याची सुटी कोणती, हे त्यावर असावे. जादा तासाचा दर लिहावा. दुप्पट परवडत नसेल तर परवडेल तो, पण आकडा लिहावा. रमजानचे शेवटचे दहा दिवस आणि दिवाळीचा आठवडा हा हंगाम असेल तर तेही लिहावे, आणि त्या दिवसांत थांबणार की नाही हे ड्रायव्हरला शाबानमध्येच विचारावे, सत्ताविसाव्या रात्री नव्हे. नाही म्हणाला तर भाड्याचा टेम्पो पाहावा. त्याचे भाडे दिले की जादा तासाची खरी किंमतही कळते. वाढ कोणत्या महिन्यात आणि किती, याची पुढच्या तीन वर्षांची आकडेवारी त्याच कागदावर यावी. धंदा मंद गेला तर ती पुढे ढकलण्याची अट घालायला हरकत नाही, मात्र मंदी कशाला म्हणायचे ते लिहिलेले असावे.

ज्यांच्याकडे मुनीम नाही त्यांनी गाडीत शंभर पानी वही ठेवावी. सकाळी चावी घेताना आणि रात्री चावी देताना वेळ लिहायची, दोघांनी सही करायची. ड्रायव्हरला लिहिता येत नसेल तर दुकानातल्या दुसऱ्या माणसाने लिहावे आणि त्याला वाचून दाखवावे. महिन्याच्या शेवटी जादा तासांची बेरीज पगाराबरोबर द्यावी. ईदी त्यानंतर, वेगळ्या पाकिटात.